एकतीस पाटील

माझ्या यादीत एकतीस पाटील होते. सगळे डॉक्टर. कोल्हापूर जिल्ह्यात औषधं विकायची म्हटल्यावर त्याला इलाज नाही. त्यातले तिघे एकाच गल्लीतले, आणि त्या तिघांतल्या दोघांचं पहिलं नावही एकच. एकाला कंपाउंडरकरवी निरोप धाडला की तो दुसऱ्याला मिळायचा आणि तिसऱ्याला राग यायचा.

मी १९९३ साली एमआर म्हणून लागलो, मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह. आमच्या धंद्याची पोथी म्हणजे डॉक्टर लिस्ट. माझ्या लिस्टवर १८० नावं. प्रत्येकापुढे कोणत्या वारी भेटतात, ओपीडी कधी संपते, कंपाउंडरचं नाव काय, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, कुठला ब्रँड लिहितात, कुठला लिहितो म्हणतात आणि लिहीत नाहीत. संध्याकाळी लॉजवर आलो की डीसीआर भरायचा. दिवसभरात कुणाकुणाला भेटलो त्याचा रिपोर्ट, मध्ये कार्बन घालून तीन प्रती. डायरीतलं डीसीआरमध्ये, डीसीआरमधलं महिन्याच्या रिपोर्टात, रिपोर्टातलं पुढच्या महिन्याच्या टूर प्रोग्राममध्ये. औषधं विकणं हे जोडकाम होतं म्हणा ना, मूळ नोकरी नकला करण्याची. (आणि आमच्यात मिस्ड कॉल म्हणजे महिन्याभरात न भेटलेला डॉक्टर. मोबाइलवाल्यांनी तो शब्द नंतर पळवला.)

दर जानेवारीत नवी डायरी आली की १८० नावं पुन्हा लिहायची. नवीन लग्न झालं तेव्हा हिनं हौसेनं मदत केली. ती जुन्या डायरीतून वाचायची, मी लिहायचो. ‘पाटील. पुढचे पाटील. हे पण पाटील.’ दुसऱ्या जानेवारीत तिनं स्वयंपाकघरातूनच सांगितलं, ‘तुमचे पाटील तुम्हीच बघा.’

मध्ये एक कॅसिओची डिजिटल डायरी घेऊन झाली. मुंबईला मीटिंगला गेलो होतो तेव्हा घेतली होती. तिच्यात नंबर भरायला लागायचा तेवढ्या वेळात डॉक्टरला भेटून यावं. फार दिवस टिकली नाही.

मग २००१ साली दाजी अमेरिकेहून आले तेव्हा त्यांनी पाम एम-१०० आणला. अक्का न्यू जर्सीला असते. दाजींना असल्या वस्तूंचं भारी वेड, आणि नवीन घेतलं की जुनं मला मिळायचं. तळहातात मावेल एवढी डबी, हिरवट पडदा, खाली चार बटणं: तारखा, पत्ते, कामं, टिपणं. मेमरी दोन एमबी. आज एक फोटोसुद्धा त्यात बसणार नाही. माझे १८० डॉक्टर, त्यांची बायकामुलं आणि कंपाउंडर धरून, आरामात बसले आणि वर जागा उरली.

त्याच्यावर लिहायला शिकावं लागायचं. सरळ एबीसीडी चालायची नाही, ‘ग्राफिटी’ नावाची खास लिपी होती. प्रत्येक अक्षर सोबतची लिहायची काडी न उचलता एका फटक्यात काढायचं. ‘ए’ला मधली आडवी रेघ नाही, नुसतं घराचं छप्पर. ‘टी’ म्हणजे इंग्रजी सातच्या आकड्यासारखं काहीतरी. ‘के’ म्हणजे बाजूला पडलेला मासा. दाजी म्हणाले, जमायला आठवडा जाईल. मला दोन दिवसांत जमलं, आणि त्याचं कारण आमचे आजोबा. ते मोडी लिहायचे. बोरू टेकवला की ओळ संपेपर्यंत उचलायचा नाही. लहानपणी त्यांच्या शेजारी बसून मी ते बघितलेलं. कॅलिफोर्नियातल्या इंजिनीयरांना जी गोष्ट सुचली, की हात उचलला नाही की लिहिणं पळतं, ती आमच्या कुलकर्ण्यांना काही शतकं आधी कळली होती. त्यांना पेटंट घ्यायचं सुचलं नाही एवढंच. सहा महिन्यांनी मी कागदावरच्या डीसीआरमध्येसुद्धा छपराचा ‘ए’ काढायला लागलो आणि एरिया मॅनेजरनं बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना.

देवनागरी मात्र त्यात नव्हती. काळे आणि काले एकच, माने आणि माणे एकच. नाव इंग्रजीत घालायचं आणि वाचताना मनातल्या मनात मराठी करायचं. सवय झाली.

पामची एक दंतकथा आहे, पण ती खरी आहे. जेफ हॉकिन्स नावाच्या ज्या माणसानं हे यंत्र काढलं, त्यानं आधी लाकडाचा ठोकळा कापला. शर्टाच्या खिशात बसेल एवढा. आणि कित्येक महिने तो ठोकळा खिशात घालून हिंडला. मीटिंगमध्ये कुणी विचारलं, बुधवारी वेळ आहे का, की ठोकळा काढायचा, काडीनं त्यावर टकटक करायचं, बघितल्यासारखं करायचं आणि सांगायचं. लोकांना वाटलं असेल डोकं फिरलंय. पण त्यातून त्याला कळलं, की माणूस अशा यंत्राकडे दिवसातून किती वेळा बघतो, कशासाठी बघतो, आणि किती सेकंद थांबायची त्याची तयारी असते. पहिला पाम, त्याचं नाव पायलट, १९९६ साली आला तो त्या ठोकळ्यातून. मला हा माणूस एकदम जवळचा वाटतो. दवाखान्याच्या बाकड्यावर दोन-दोन तास बसून, काही काम नसताना व्हिज्युअल एड, म्हणजे डॉक्टरांना दाखवायचं औषधांचं चित्रांचं पुस्तक, चाळत काम असल्यासारखं दाखवायची कला आमच्या सगळ्यांच्या अंगात आहे.

तर डायरीचा प्रश्न सुटला. पण तोवर हातात फोनही आला होता. नोकियाचा ३३१०. आणि खरी पंचाईत तिथं सुरू झाली.

चित्र असं. गडहिंग्लजचा एसटी स्टँड. पायांमध्ये बॅग, ती खाली टेकवायची नाही, कारण आत सॅम्पल आणि फरशी ओली. डाव्या हातात पाम, त्यावर डॉक्टरांचा नंबर. उजव्या हातात नोकिया. पामवर बघायचं, तीन आकडे लक्षात ठेवायचे, फोनवर दाबायचे, परत पामवर बघायचं. एवढ्यात पाम बॅटरी वाचवायला म्हणून झोपी जायचा. दोन्ही हात गुंतलेले, मग अंगठ्यानं त्याला उठवायचं. तोवर गाडी लागलेली, आणि कंडक्टर ‘चला पाव्हणं, काय कॉम्प्युटर दुकान काढलंय काय’ म्हणतोय. त्यात आमच्याकडच्या सगळ्या टेलिफोन नंबरांच्या आधी २ चिकटला. पामवर मी बसून १८० ठिकाणी २ घातला. फोनमध्ये घालायचा कंटाळा केला. झालं, एकाच डॉक्टरचे दोन ठिकाणी दोन नंबर, आणि लागणारा नंबर नेमका त्या डबीत जिला फोन लावता येत नाही.

म्हणजे मी पुन्हा नकलाच करत होतो. आधी कागदावरून कागदावर, आता पडद्यावरून पडद्यावर.

फोन आणि डायरी एकत्र करायची कल्पना काही नवी नव्हती. आयबीएमचा ‘सायमन’ अमेरिकेत १९९४च्या ऑगस्टमध्ये विक्रीला आला. बोटानं चालणारा पडदा, कॅलेंडर, पत्ते, फॅक्स, ईमेल, सगळं त्यात. आपल्याकडे पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ला, कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. म्हणजे आपण ‘हॅलो’ म्हणायच्या वर्षभर आधी तिकडे फोनवर फॅक्स येत होते. सायमनचं वजन मात्र अर्ध्या किलोच्या वर. किंमत दोन वर्षांच्या करारासकट ८९९ डॉलर. बोलायला बसलात तर बॅटरी तासाभरात खलास. सहा-सात महिन्यांत सुमारे पन्नास हजार खपले आणि तो बंद झाला.

नोकियाचा कम्युनिकेटर मी प्रत्यक्ष बघितला. कोल्हापुरातल्या एका हृदयरोगतज्ज्ञांकडे, १९९९ साली, ९११० हे मॉडेल. त्याआधीचा पहिला, ९०००, १९९६चा. त्याचं वजन ३९७ ग्रॅम होतं, हा त्या मानानं बराच हलका. बाहेरून साधा जाडजूड फोन. मधून उघडला की कंपासपेटीसारखा, आत पूर्ण कीबोर्ड आणि आडवा लांब पडदा. डॉक्टरसाहेब तो टेबलावर ठेवायचे आणि आम्ही बोलत असताना आमच्याकडे न बघता त्याच्याकडे बघायचे. एकदा त्यांनी पेटी उघडी ठेवूनच फोन लावला. उघडी असली की आवाज स्पीकरवर. पलीकडून त्यांच्या मेहुण्याचा आवाज आला आणि जमिनीच्या वाटणीचा विषय निघाला. मी नजर छताकडे लावली. बाहेर बाकड्यावर पेशंट बसलेले, तेही छताकडेच बघत असणार.

त्या दिवशी एक कळलं, आणि नंतर जेवढी असली यंत्रं बघितली त्यात तेच दिसलं. कम्युनिकेटर म्हणजे फोन आणि डायरी बिजागरीनं जोडलेले. एका वेळी एक. बाहेर फोन राहतो, आत डायरी राहते, दोघांचा उंबरा वेगळा. एरिक्सनचा आर-३८० २०००च्या सुमारास आला, तो पहिल्यांदा ‘स्मार्टफोन’ म्हणून विकला गेला. त्याचंही तसंच, आकड्यांचं झाकण उघडलं की आत आडवा पडदा. झाकण लावलं की फोन, काढलं की डायरी. हुशार काम, नाही कोण म्हणतोय. पण माझी अडचण दोन डब्या सांभाळायची नव्हतीच. बॅगेत पाच किलो सॅम्पल वाहणाऱ्याला शंभर ग्रॅम जास्त झाले तर काय होतं? पाटलांचं नाव दिसतंय तिथंच बोट ठेवावं आणि पाटलांच्या घरी घंटी वाजावी, एवढंच मला पाहिजे होतं. मधला आकडा माझ्या डोक्यातून जायला नको.

हॉकिन्सला हे कळलं असं मी मानतो. तो पाम सोडून बाहेर पडला आणि १९९८ साली डोना डुबिन्स्की आणि एड कॉलिगन यांच्याबरोबर हँडस्प्रिंग काढली. त्यांच्या व्हायझर नावाच्या डायरीला पाठीत खाच होती. २०००मध्ये त्या खाचेत घालायचा फोनच त्यांनी विकायला काढला. खेचरावर हौदा चढवल्यासारखं दिसायचं ते. पण २००२च्या सुरुवातीला ट्रिओ-१८० आला, फोन आणि डायरी एकाच डबीत, आणि २००३मध्ये ट्रिओ-६००. त्याच वर्षी हँडस्प्रिंग आणि पाम एक झाल्या. गंमत बघा, पहिला ट्रिओ दोन प्रकारांत काढला होता: एक ग्राफिटीचा, एक बारक्या कीबोर्डाचा. पुढं कीबोर्डच राहिला. ज्यानं जगाला काडीनं लिहायला शिकवलं, त्यानंच काडी बाजूला ठेवली. मला वाईट वाटलं. आजोबांचा वारसा वाया गेला.

माझा ट्रिओ-६०० आला २००४च्या दिवाळीत, दाजींच्या हातचा, अनलॉक केलेला. या वेळी जुना नव्हता, मी पैसे देऊन मागवला होता. किती दिले ते घरात अजून सांगितलेलं नाही. वर अँटेनाचं बोंडूक, मध्ये चौकोनी पडदा, खाली साबुदाण्याएवढ्या कळांचा कीबोर्ड. मागच्या कोपऱ्यात काडी खोचलेली. वजन १६८ ग्रॅम. एम-१००मधला सगळा माल कॉम्प्युटरमार्फत यात उतरला, एकही नाव पुन्हा लिहावं लागलं नाही. जानेवारीची हमाली त्या दिवशी संपली.

आणि मग मी पहिल्यांदा एक नाव शोधलं.

यात नाव शोधायची रीत सुंदर होती. पहिल्या नावाचं अक्षर आणि आडनावाची एक-दोन अक्षरं दाबली की माणूस हजर. त्याच ओळीवर मधलं बटण दाबलं की फोन लागला. मी ‘डी’ दाबला. सगळे १८० जण उभे राहिले. कारण वर्षानुवर्षं मी प्रत्येकाचं पहिलं नाव ‘डॉक्टर’ असं घातलं होतं. संस्कार! डॉक्टरांचं नुसतं नाव लिहायचं म्हणजे तोंडावर एकेरी हाक मारल्यासारखं वाटायचं. दोन रात्री बसून मी १८० जणांची पदवी काढून घेतली. पहिले दहा-बारा काढताना हात अडखळत होता.

पदवी गेली तरी एकतीस पाटील होतेच. म्हणून आडनावाच्या पुढे गाव घातलं. पाटील गडहिंग्लज. पाटील मुरगूड. पाटील कागल, खालचे. पाटील कागल, बँकेवरचे. आणि प्रत्येक नावाच्या पोटात एक टिपण असायचं, त्यात काय वाटेल ते. ‘मंगळवार नको, सासूबाईंचा उपास असतो, घरी चिडचिड.’ ‘चहाला नाही म्हणू नये.’ ‘क्रिकेटचा विषय काढू नये, मुलगा सिलेक्ट झाला नाही.’ केबिनच्या दारात उभं राहून मी ते वाचून घ्यायचो आणि आत जाऊन क्रिकेट सोडून बोलायचो.

दुसरी एक गोष्ट, जी त्यानंतर फार थोड्या फोनवर बघितली. माथ्यावर एक छोटी सरकती खिट्टी. ती सरकवली की सगळं मुकं. रिंग मुकी, अलार्म मुका. खिशात हात घालून, न बघता, अंगठ्यानं. केबिनचं दार ढकलताना डाव्या हातानं दार आणि उजव्या अंगठ्यानं खिट्टी, हे इतकं अंगात भिनलं होतं की देवळात शिरतानाही उजवा अंगठा हलायचा. ती खिट्टी ज्यानं बसवली त्यानं कधीतरी कुणाच्या तरी दारात ताटकळत तास काढलेले असणार.

आमच्या मंथली मीटिंगमध्ये अर्थात टिंगल झाली. ‘कॅल्क्युलेटरवरून बोलतोय बघा.’ मी काही बोललो नाही. टूर प्रोग्राम त्यांच्या आधी दोन दिवस द्यायला लागलो.

आता वाईट भाग. चूक शंभर टक्के माझी, हे आधीच सांगून टाकतो.

तेव्हाच्या बहुतेक डायऱ्यांची मेमरी अशी असायची, की वीज आहे तोवर आठवण. बॅटरी पूर्ण गेली की पाटी कोरी. एम-१००मध्ये तर दोन छोटे पेन्सिल सेल असायचे आणि ते बदलताना साधारण मिनिटभराची मुदत मिळायची. मी नवे सेल कव्हर काढून तळहातावर ठेवायचो, श्वास धरायचो, जुने पाडायचो, नवे सारायचो. ट्रिओत बॅटरी आतच बंद, बदलायचा प्रश्न नाही. त्यामुळे ती भीतीच मी विसरलो. नियम एकच होता: कॉम्प्युटरला लावून सिंक करत जा. कोपऱ्यातलं बटण दाबलं की दोन्हीकडे सारखं. दोन मिनिटांचं काम.

मे २००५मध्ये घराला रंग काढला. कॉम्प्युटर मुलीच्या खोलीत गेला, ट्रिओची केबल कुठल्याशा खोक्यात गेली. जूनमध्ये कंपनीनं टेरिटरी बदलली आणि माझ्याकडे शिरोळ आणि हातकणंगले तालुके आले. साठ नवे डॉक्टर. साठ जणांचे वार, वेळा, कंपाउंडर, आवडीनिवडी, सगळं दोन महिन्यांत दवाखान्यांच्या बाकड्यांवर बसून भरलं. केबल उद्या शोधू.

२६ जुलैला मुंबई बुडाली ते सगळ्यांच्या लक्षात आहे. त्याच दिवसांत इकडे पंचगंगा आणि कृष्णाही फुगल्या होत्या. मी जयसिंगपुरात होतो. आज परत फिरतो, उद्या फिरतो म्हणता म्हणता कोल्हापूरचा रस्ता बंद झाला. शिरोळ-कुरुंदवाडकडची माणसं ट्रॅक्टरमधून, गुरांसकट जयसिंगपूरकडं येत होती. नृसिंहवाडीत दत्ताच्या देवळात पाणी शिरलं की एरवी दक्षिणद्वाराच्या स्नानाला गर्दी होते. या वेळी स्नानाचं नाव कुणी काढलं नाही. ओळखीच्या एका केमिस्टनं मला दुकानाच्या वरच्या खोलीत झोपायला जागा दिली. वीज गेलेली. पहिल्या रात्री घरी फोन केला, मग फोन बंद केला. ट्रिओची ही एक मजा होती, फोन बंद करून नुसती डायरी चालू ठेवता यायची. मी म्हटलं, बोलणं वाचवू, काम चालू ठेवू.

आणि काम निघालंच. शाळांमधून पूरग्रस्तांची सोय केली होती, गावातले डॉक्टर तिथं बसत होते. पायाला चिखल्या, जुलाब, ताप. काय संपलंय, किती पाहिजे, याची यादी मेणबत्तीच्या उजेडात मी ट्रिओवर करत होतो, कारण कीबोर्डच्या मागं उजेड होता आणि कागद ओला होत होता. ओआरएस इतकी पाकिटं, मलम इतकं, अमुक शाळेत, अमुक डॉक्टर. सकाळी ती यादी केमिस्टला वाचून दाखवायची, तो कपाटं उघडायचा. तीन रात्री. चौथ्या दिवशी पडद्यावर बॅटरीची सूचना आली आणि दुपारी तो मिटला. मी रुमालात गुंडाळून बॅगेत ठेवला. घरी गेल्यावर चार्ज करू.

घरी पोचलो तेव्हा ऑगस्ट लागला होता. आंघोळ केली, जेवलो, चार्जर लावला. थोड्या वेळानं पडदा उजळला. त्यावर माझं नाव नव्हतं, तारीख नव्हती. नुसता कोरा उजेड, वरच्या कोपऱ्यात एक फुलीसारखी खूण आणि सूचना: काडीनं खुणेच्या मध्यावर टोचा. नवीन डबीतून काढल्यावर पहिल्या दिवशी येते ती सूचना. मी टोचलं. दुसऱ्या कोपऱ्यात खूण आली. तिथंही टोचलं. प्रत्येक वेळी वाटत होतं, याच्यानंतर येईल.

ही मागं उभी होती. म्हणाली, ‘काय झालं?’

‘काही नाही. साठ डॉक्टर गेले.’

पुराच्या दिवसांत असं वाक्य बोलू नये. तिच्या हातातलं ताट पडलं.

केबल दिवाळीच्या फराळाच्या डब्यांच्या खोक्यात मिळाली. सिंक केल्यावर मेपर्यंतचं सगळं परत आलं, जुने १८० पाटलांसकट. जून-जुलै कोरे. कार्डाची खाच होती, त्यात चौसष्ट एमबीचं कार्डही होतं. त्यावर बॅकअप ठेवता आला असता. मी गाणी ठेवली होती. पुढचं मॉडेल, ट्रिओ-६५०, २००४च्या शेवटीच आलं होतं आणि त्यात बॅटरी मेली तरी मेमरी राहायची. हे दाजींनी मला फोनवर सांगितलं. काही गोष्टी फोनवर सांगू नयेत.

मला कुणी वाचवलं? डीसीआरच्या कार्बन कॉपींनी. ज्यांना मी बारा वर्षं शिव्या घातल्या त्या. तिसरी प्रत, फिकट निळी, दाबून लिहिलं नसेल तर निम्मं अंदाजानं वाचायचं. साठांपैकी साठ नावं मिळाली, कुठल्या वारी भेटलो ते मिळालं. टिपणं नव्हती. डीसीआरमध्ये कोण लिहितो, डॉक्टरांचा मुलगा बारावीला नापास? ती पुन्हा गोळा करायला वर्ष गेलं, आणि मधल्या काळात मी तीन ठिकाणी क्रिकेटचा विषय काढला.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात. त्यानंतर मी प्रत्येक नाव तीन ठिकाणी ठेवायला लागलो: ट्रिओवर, कॉम्प्युटरवर, आणि सिमकार्डावर. सिमला वीज लागत नाही. पण सिमवर टिपण बसत नाही, नुसतं नाव आणि नंबर, आणि नावालाही जेमतेम डझनभर अक्षरं. मग मी टिपणच नावात कोंबायला लागलो. गावाची तीन अक्षरं, भेटायची वेळ, आणि एक-दोन अक्षरांत स्वभाव. पुन्हा मोडीच झाली म्हणा, फक्त घरात एकट्याला वाचता येणारी.

ट्रिओ २००८पर्यंत चालला. मग बोंडूक मोडलं, मग कळा बसल्या. पुढचे फोन येत गेले, त्यातल्या कुठल्याच फोननं मला कधी खुणेच्या मध्यावर टोचायला लावलं नाही. गेल्या वर्षी रिटायर झालो. मुलीनं नवा फोन घेऊन दिला आणि जुन्यातली नावं यात आणली, बसल्या जागी, केबलशिवाय. आणताना तिची चाळणी चालू होती.

‘बाबा, तुमच्या फोनमध्ये हे कोण आहेत? पाटील, मग जेएसपी, दोन-चार, एनटी. ठेवू का काढू?’

‘ठेव. जयसिंगपूरचे पाटील. दुपारी दोन ते चारमध्ये भेटतात.’

‘आणि एनटी?’

‘नो टी. त्यांना चहा चालत नाही, ॲसिडिटी आहे. गोळी मात्र अजून दुसऱ्याच कंपनीची लिहितात.’